कमलम्मांचं सोमवारचं न्हाणं

आमच्या जुळे सोलापुरातल्या इमारतीत कुणाचं काही झाकून राहत नाही. बांधणाऱ्याने न्हाणीघरांच्या मागे वरपासून खालपर्यंत एक अरुंद पोकळी सोडली आहे, तिला आम्ही सगळे डक्ट म्हणतो. त्यातून पाइप जातात, त्यात कबुतरं अंडी घालतात आणि त्यातूनच वरच्या घरातलं बोलणं खालच्या घरात आयतं उतरतं. मी निवृत्त शिक्षिका, मूळची जेऊरची, एकटी राहते आणि तोंडाची फटकळ आहे. दुसऱ्याचं ऐकू नये हे मला कळतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

वरच्या घरात कमलम्मा राहायला आल्या तेव्हा त्यांच्याआधी मला त्यांचं न्हाणं भेटलं. सोमवारची सकाळ होती. तांब्या बादलीवर आपटत होता, पाणी धबाधब पडत होतं आणि दोन बाया कानडीत बोलत होत्या. पाणी थांबलं की बारीक, लाडिक आवाज म्हणायचा, "साकु." लगेच दुसरा, जाड आणि घोगरा, म्हणायचा, "इन्नष्टु." की पुन्हा पाणी. मी मनात म्हटलं, सासू सुनेला न्हायला घालतेय की सून सासूला? हल्ली एवढं कौतुक राहिलंय कुठं.

नंतर जिन्यात त्यांची सून भेटली, श्रीदेवी. मी विचारलं, "सासूबाईंना तू न्हायला घालतेस वाटतं?"

"छे हो बाई, मी तेव्हा डबे भरत असते. अत्ती एकट्याच असतात, आतून कडी लावून."

"आणि साकु, इन्नष्टु म्हणजे काय गं?"

"साकु म्हणजे पुरे. इन्नष्टु म्हणजे आणखी थोडं. का हो?"

"सहज," मी म्हटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, शाळेत पोरांची भीती घालवण्यातच माझा जन्म गेला. पण त्या दिवशी आंघोळीला जाताना मी न्हाणीघराची खिडकी लावून घेतली.

कमलम्मा दुधनीच्या. नवरा सिद्धप्पा तिथे तुरीची आडत चालवायचा. तो गेल्यावर मुलाने, अनिलकुमारने, आईला इकडे आणलं. बुटकी, काळीसावळी, साठीची बाई. पण केस असे की सोडले तर गुडघ्याला लागावेत. चार दिवसांत त्यांनी माझ्याशी ओळख केली, म्हणजे एका ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन खाली आल्या आणि ताट परत न्यायला म्हणून रोज येत राहिल्या. मला माणसांचा लवकर कंटाळा येतो. त्यांचा आला नाही.

दोन गोष्टी त्यांच्या कधी चुकायच्या नाहीत. एक सोमवारचं डोक्यावरून न्हाणं आणि दुसरी रोजची लिंगपूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं काळं, गुळगुळीत लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा, विभूती, बेल, आणि मग कितीतरी वेळ एकटक बघत बसायचं. ते झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. लिंगायतांत तशी रीतच आहे, पण कमलम्मांचा नेम जरा जास्तच कडक.

एकदा माझ्याकडे डाळ निवडत बसल्या असताना मी त्यांच्या केसांचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "अव्वाची करणी हाय ही. माझी आई, ईरम्मा नाव तिचं. सोमवार आला की चुलीवर हंडा. मी पाटावर. ती वरनं वतायची, पाणी असलं कडकडीत की टाळू शिजावी. मी वरडायची, साकु, साकु. ती म्हणायची, इन्नष्टु."

मी डाळीतला हात तसाच ठेवला. "मग?"

"मग काय. माझं लगीन ठरलं आन ती गेली. हळदीचं न्हाणं काय तिच्या हातनं झालं न्हाय."

"अजून आठवण येत असेल."

"आठवण कशाला? ती येती की. सोमवारी." त्यांनी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "डोक्यावर चार तांबे पडले की माझा हात माझा ऱ्हात न्हाय, बाई. ती धरती. मागं उभी असती, तिच्या पदराला धुराचा वास येतो. आन मग लई ग्वाड वाटतं. थांबू वाटत न्हाय."

बोलताना त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. नळाला पाणी कधी येतं हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी त्यावर काही फटकन बोलायला हवं होतं, माझा स्वभावच तो. त्या दिवशी मी नुसती डाळ निवडत राहिले.

मग श्रावण आला. श्रावणातल्या सोमवारी पाणी जरा जास्तच वेळ चाललं. 'साकु' म्हणणारा आवाज आधी थांबला. नुसतं "इन्नष्टु, इन्नष्टु, इन्नष्टु" असं भराभर चाललं आणि त्यानंतर डक्टमधून एक ओरडणं आलं. ते ओरडणं मदतीसाठी नव्हतं, वेदनेचंही नव्हतं. छातीतली सगळी हवा कुणी पिळून बाहेर काढावी तसं ते लांबलं आणि मधेच तुटलं. बादली पडली. मग माझ्या डोक्यावरच्या फरशीवर काहीतरी ठराविक तालात आपटायला लागलं.

मी वर पोचले तोवर अनिलकुमारने दार फोडलं होतं. कमलम्मा ओल्या केसांच्या जाळ्यात पडल्या होत्या. डोळे वर गेलेले, पांढरे. तोंडाला फेस, फेसात रक्त, कारण जीभ दातांत आली होती. टाचा फरशीवर आपटत होत्या, आणि तो ताल सुटत नव्हता. शेजारचं कुणी कांदा आणा म्हणत होतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. मी म्हटलं, "चप्पल तुमच्या तुम्ही हुंगा, त्यांना कुशीवर वळवा." माझ्या वर्गात एका मुलीला फिट यायची, तेवढं मला माहीत होतं. झटके थांबले, घोरल्यासारखा श्वास सुरू झाला, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडून श्रीदेवीकडे पाहिलं.

"अव्वा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. श्रीदेवी मात्र मागे सरकली.

अनिलकुमार बँकेत कामाला, प्रत्येक गोष्टीला कारण लागणारा माणूस. त्याने कारण शोधलं, गॅसचा गिझर. बंद न्हाणीघरात त्याचा वायू कोंडतो आणि माणूस पडतो, फिटही येते. असं होतंही, खोटं नाही. त्याने गॅसचा काढून विजेचा बसवला. पण हा तर रोग हेल्याला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला, कारण नव्या गिझरचं पाणी आधीपेक्षा कडकडीत यायचं. पुढच्याच सोमवारी पुन्हा तेच ओरडणं, पुन्हा तोच ताल.

या वेळी उठल्यावर त्यांचा डावा हात पोटाशी चिकटून राहिला. कोपर दुमडलेलं, हात आत वळलेला. बाहेर वळवायला गेलं की त्या कळवळायच्या. जवळच्या डॉक्टरने समोरून एक एक्स-रे फोटो काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाला, मुका मार आहे म्हणाला आणि झोळी बांधून दिली. फिटसाठी मोठ्या डॉक्टरकडे जा असंही म्हणाला. अनिलकुमारने, "बघू, सुट्टी मिळाली की," म्हटलं.

पहिले काही दिवस कमलम्मांनी उजव्या हाताने डावा हात उचलून, त्यानेच लिंग सावरून धरत कशीबशी पूजा केली. मग एका सकाळी मी बेलाची पानं द्यायला वर गेले होते. त्या पाटावर बसल्या होत्या. त्यांनी डावा हात पुढे केला, पण तळहात वर होईना. बोटं समोर, अंगठा वर, तळवा आत, एवढंच. त्यांनी दात आवळून जोर लावला. कपाळावर घाम आला. तळहात आडवा तो आडवाच राहिला. त्यांनी तरीही त्यावर लिंग ठेवलं.

ते घसरलं. फरशीवर अगदी लहानसा आवाज झाला. थोडं घरंगळत ते माझ्या पायापाशी येऊन थांबलं. कमलम्मा आपल्या हाताकडे बघत होत्या, तो हात त्यांचा नसावाच अशा.

"ह्यो हात उघडत न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी आतनं धरलाय."

दुधनीहून सिद्धम्मा आल्या, सिद्धप्पाची थोरली बहीण. त्यांनी सगळं ऐकलं, हात पाहिला, आणि निवाडा दिला. "शिवानं सोडलंय तुला. लिंग हातावर बसत न्हाय म्हंजी काय? न्हाताना मेलेल्या मानसाशी बोलतीस, ते इटाळाचं हाय." उपायही त्यांनीच सांगितला. आता सोमवारच नव्हे, रोज डोक्यावरून कडक पाण्याने न्हायचं. आणि लिंग हातावर बसेपर्यंत अन्न नाही. सिद्धम्माची एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायलाच हवी, तीसुद्धा भावजयीबरोबर उपाशी राहिली. पण राग यायचा तो मला आलाच. मी तोंडावर म्हटलं, "पोटात अन्न नाही आणि डोक्यावर आधण, माणूस आहे का भाताचं पातेलं?" सिद्धम्माने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी विसरणार नाही. रोज वरून पाणी पडायचं. डक्टमधून वाफ माझ्या खिडकीपर्यंत यायची आणि त्या वाफेत, खरं सांगते, मला धुराचा वास यायचा. माझ्याकडे चूल नाही, वर नाही, अख्ख्या इमारतीत नाही. मनाचे खेळ, असं मी मलाच बजावत होते. 'साकु' म्हणणारी मुलगी आता बोलतच नव्हती. जाड आवाज तेवढा उरला होता आणि एका सकाळी त्याने शब्द बदलला.

"बा," तो म्हणाला. "बा, कमला. बा."

कानडीत बा म्हणजे ये, एवढं आता मला कळत होतं. मी तशीच वर गेले. कमलम्मा नुकत्याच बाहेर आल्या होत्या, भिंतीला टेकलेल्या, ओठ सुकलेले. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं आणि सिद्धम्माला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "अव्वा ये म्हणती, बाई. शिवानं तर सोडलंच. मग जाऊ का तिच्याकडं?"

मला भीती वाटली. भुताची नव्हे, त्या प्रश्नाची, कारण विचारताना त्या खूश दिसत होत्या. मी त्यांचा उजवा हात धरला आणि म्हटलं, "कुठं जायचं नाही. तुमचं ताट अजून माझ्याकडे आहे." मग खाली येऊन अनिलकुमारला बँकेत फोन लावला आणि आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्यालाही बोलले नसेन असं त्याला बोलले. तो आला. तो येतोय तोवर वर झटका आला, न्हाणीघराबाहेर, आणि त्या शुद्धीवर येण्याआधी त्याला लागून दुसरा.

दवाखान्यात मेंदूची डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, शांत, बोलण्याला कानडी हेल असलेली. कमलम्मांची लघवी चहासारखी काळपट झाली होती. ती म्हणाली, झटक्यांनी स्नायू फुटतात आणि त्याचा भार किडनीवर येतो, भरपूर सलाइन लागेल. सलाइन तोंडातून जात नाही, म्हणजे उपास मोडत नाही, असा निवाडा सिद्धम्मानेच दिला. तेवढ्यावरून मी तिला निम्मं माफ केलं.

कमलम्मा नीट शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने आम्हाला विचारलं, "झटका कधी येतो?" श्रीदेवी म्हणाली, न्हाणीघरात. मी म्हटलं, आधी सोमवारी यायचा, आता रोज. आणि मग डक्टमधून ऐकलेले ते दोन आवाजही सांगितले, वेडी म्हणाली तर म्हणाली. ती वेडी म्हणाली नाही. ती कमलम्मांजवळ बसली.

"आजी, डोक्यावर गरम पाणी ओतताना बरं वाटतं ना? हात थांबत नाही?"

चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोरीसारख्या कमलम्मा तिच्याकडे बघत राहिल्या. "तुमाला कुणी सांगितलं?"

"गरम पाणी डोक्यावर पडलं की काही जणांच्या मेंदूत वीज उसळते. आमच्याकडे, कर्नाटकात, असे पेशंट दिसतात. ती उसळायला लागली की कुणाला वास येतो, कुणाला आवाज, जुनी माणसं. आणि कधीकधी ते इतकं हवंसं वाटतं की माणूस ओततच राहतो. मग वीज सगळीकडे पसरते आणि झटका येतो."

मग डॉक्टर म्हणाली, "आता डावा हात पुढं करा. तीर्थ घेतो तसा."

डावा हात पुढे आला. तळवा आडवा. सिद्धम्माने डोळे मिटून घेतले. डॉक्टर उठून कमलम्मांच्या मागे गेली आणि खांदा मागून चाचपत म्हणाली, "हे बघा. हाड मागच्या बाजूला निसटलंय. झटका जोराचा असला की आपलेच स्नायू आपलं हाड ओढून काढतात. समोरून काढलेल्या फोटोत ते पटकन कळत नाही. असा खांदा निसटला की तळहात वर होतच नाही."

सिद्धम्माने विचारलं, "म्हंजी शिवानं न्हाय सोडलं?"

"शिवाचं मला माहीत नाही, आजी. खांद्याचं सांगते."

हाडाच्या डॉक्टरने भूल देऊन खांदा बसवला. दुसऱ्या दिवशी हात पट्ट्यात होता, पण कोपरापासून पुढचा हात मोकळा होता. सिद्धम्माने विभूती लावली, डबी उघडली आणि म्हणाली, "बघ आता." कमलम्मांनी हळूहळू हात वळवला. तळहात वर झाला. लिंग बसलं. दोघी नणंद-भावजया त्याच्याकडे बघत रडल्या आणि मग सिद्धम्माने दुधात भाकरी कुस्करून तिला पहिला घास भरवला. मीही रडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. घरी सोडताना डॉक्टरने बजावलं, गोळी एकही चुकवायची नाही, आंघोळ कोमट पाण्याची, डोक्यावर तांब्या ओतायचा नाही, केस ओल्या टॉवेलने पुसायचे. पुन्हा असे लागोपाठ झटके आले तर जीव जाऊ शकतो. कमलम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अव्वा कुटनं येनार?"

त्या मुलीने फक्त त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

अनिलकुमारने गिझर कमी करून ठेवला आणि तांब्या माळ्यावर टाकला. सिद्धम्मा दुधनीला परत गेली. सोमवार शांत जायला लागले. कमलम्मा माझ्याकडे येत, भाकरी आणत, पण डाळ निवडता निवडता मान वळवून मागे बघत, कुणी उभं आहे का ते. एकदा म्हणाल्या, "शिव परत दिला तुमी, बाई. आन आई काढून घेतली." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागलं.

हात पट्ट्यातून सुटल्यानंतरचा सोमवार. श्रीदेवी आणि अनिलकुमार कामाला गेलेले. मी आंघोळीला पाणी काढत होते आणि वर तांब्या बादलीवर आपटला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. माळ्यावरून त्यांनी तो कसा काढला कोण जाणे. पाणी पडलं. डक्टमधून वाफ खाली आली. पुन्हा पाणी. मी नळ बंद केला. वर जायचं तर आतून कडी, आणि या वेळी दार फोडायला घरात कुणी नाही. पुन्हा पाणी. मी खिडकीत तोंड घातलं, कमलम्मा, बास करा, असं ओरडायला.

त्याआधीच वरून आवाज आला. बारीक, लाडिक, पण या वेळी विचारणारा. "इन्नष्टु?"

पाणी थांबलं. नळ ठिबकत होता. मग तो जाड, घोगरा आवाज आला. दमलेला, दिवसभराचं काम उरकून बसलेल्या बाईचा असावा तसा.

"साकु," तो म्हणाला. "साकु, कमला."

तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आपटल्याचा नाही, ठेवल्याचा. नंतर कडी निघाली आणि ओली पावलं पूजेच्या खोलीकडे गेली.

दोन्ही आवाज कमलम्मांचेच होते, हे मला माहीत आहे. पण जन्मभर जिच्या तोंडी तो शब्द कधी आला नव्हता, त्या अव्वानेच त्या दिवशी पुरे म्हटलं, एवढंच मी ऐकलं. त्यानंतर तो जाड आवाज आमच्या डक्टमध्ये कधी आला नाही.